यादीत नसलेली हवा

बीअरच्या बाटलीवरचं लेबल कधी नीट वाचलंय का? (पीत नसाल तरी वाचायला काहीच हरकत नाही, वाचल्याने चढत नाही!) पाणी, सातूचं मॉल्ट, हॉप्स, यीस्ट. कुठे तांदूळ किंवा मका, कुठे साखर. झालं, संपली यादी. माझं म्हणणं एवढंच आहे, की या यादीत एक नाव कायमचं राहून गेलंय. हवेचं.

आता तुम्ही म्हणाल, हवा काय, ती तर सगळीकडेच असते, तिचं नाव कशाला घालायचं? बरोबर. नेमकं हेच पाचशे वर्षांपूर्वी यीस्टबद्दल झालं होतं. २३ एप्रिल १५१६ रोजी बव्हेरियात इंगोलश्टाट इथे एक प्रसिद्ध फर्मान निघालं. बीअरमध्ये फक्त सातू, हॉप्स आणि पाणी वापरायचं, दुसरं काही नाही. जर्मन मंडळी आजही या शुद्धतेच्या कायद्याचा अभिमान बाळगतात. पण त्या यादीत यीस्ट नाही! ज्याच्यामुळे गोड काढ्याची बीअर होते तोच गडी गायब. कारण सोपं आहे. तो दिसत नव्हता. भांड्याच्या तळाशी गाळ बसतो, तो पुढच्या खेपेला घातला की काम होतं, एवढं लोकांना ठाऊक होतं. पण तो गाळ म्हणजे एक जिवंत घटक आहे हे कळायला एकोणिसावं शतक उजाडावं लागलं.

जे दिसत नाही ते यादीत येत नाही. जे यादीत येत नाही त्याची जबाबदारी कुणाचीच नसते. आज दाबाखालच्या हवेचं, म्हणजे आपल्या बोलीत कॉम्प्रेस्ड एअरचं, नेमकं तेच झालंय. मी या हवेच्याच धंद्यातला माणूस असल्यामुळे थोडा पक्षपाती असेन, ते गृहीत धरून पुढचं वाचा.

आधी हवेचं बीअरमध्ये काम काय ते बघू. मॉल्ट गरम पाण्यात भिजवून, त्याचा गोड काढा गाळून तो हॉप्स घालून उकळतात. याला वर्ट म्हणतात. उकळल्यावर त्यातला विरघळलेला ऑक्सिजन निघून जातो. मग वर्ट थंड करायचा आणि यीस्ट घालायचं. इथे गंमत अशी, की यीस्टला साखरेची दारू करायला ऑक्सिजन लागत नाही, पण स्वतःची संख्या वाढवायला लागतो. नव्या पेशींची आवरणं धड व्हायची तर काही स्निग्ध पदार्थ लागतात आणि ते तयार करायला प्राणवायू हवा. तो मिळाला नाही तर यीस्ट अर्ध्या रस्त्यात दमतं. आंबण्याची क्रिया रेंगाळते, साखर उरते, नको ते वास येतात. म्हणून थंड वर्टमध्ये मुद्दाम हवा सोडतात. पाईपमध्ये बारीक छिद्रांचा धातूचा दगड बसवलेला असतो, त्यातून बुडबुडे येतात. एका लिटरमध्ये साधारण ८ ते १० मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळला की काम भागतं.

आणि मग? मग दार बंद! आंबायला सुरुवात झाली की तीच हवा शत्रू. तयार बीअरला हवा लागली की काही आठवड्यांत तिला ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. चांगले कारखाने बाटलीतल्या बीअरमध्ये लिटरला ०.०५ मिलिग्रॅमपेक्षाही कमी ऑक्सिजन राहावा म्हणून धडपडतात. हिशेब करा. सुरुवातीला जेवढा मागून घेतला त्याच्या दोनशेव्या भागाचीसुद्धा शेवटी भीती. आपल्याकडे लोणचं घालणाऱ्या बायकांना हे वेगळं सांगायला नको. बरणीत वर तेलाचा थर हवा, चमचा कोरडा हवा, झाकण घट्ट हवं. फरक एवढाच की लोणच्याला हवा कधीच नको असते, बीअरला ती एकदा हवी असते. एकदाच, आणि अगदी वेळेवर.

ही 'एकदाच' वाली हवा कशी असावी? इथे खरा मुद्दा येतो. वर्ट उकळून निर्जंतुक झालेला असतो. त्यानंतर त्याला आगीचा स्पर्श होत नाही. म्हणजे त्यानंतर जे आत जाईल ते थेट बीअरमध्ये जाईल. लुई पाश्चरने १८७६ साली बीअरवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात बीअर बिघडते ती सूक्ष्मजीवांमुळे हे ठासून मांडलं. १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हान्सेनने एकाच पेशीपासून वाढवलेलं शुद्ध यीस्ट वापरात आणलं. पुढे हान्सेन आणि क्यूले यांनी हे यीस्ट मोठ्या प्रमाणात वाढवायचं यंत्र केलं. त्यात दाबाने सोडलेली हवा कापसातून गाळून घ्यायची सोय होती. म्हणजे बघा, यीस्ट शुद्ध करणाऱ्या माणसाला त्याच क्षणी हवाही शुद्ध करावी लागेल हे कळलं होतं. दोन्ही गोष्टी एकत्रच जन्मल्या. आपण त्यातली यीस्टची गोष्ट लक्षात ठेवली आणि हवेची विसरलो.

बरं, वर्टमध्ये सोडायची हवा ही कारखान्यातल्या एकूण दाबाच्या हवेचा अगदी लहान भाग. बाकीची हवा हमाली करते. टाक्यांचे शेकडो व्हॉल्व्ह हवेवर उघडझाप करतात. बाटली भरायच्या यंत्रात बाटल्या वर उचलणारे सिलिंडर हवेवर चालतात. परत आलेल्या केगमधली उरलेली बीअर आणि नंतर धुण्याचं पाणी बाहेर ढकलायला बऱ्याच ठिकाणी हवाच असते. गाळून उरलेला सातूचा चोथा (तोच पुढे गुराढोरांच्या चाऱ्यात जातो) पाईपातून बाहेरच्या हौदापर्यंत ढकलायलाही हवा. लेबल चिकटण्यापूर्वी बाटल्यांवरचं पाणी उडवायला हवा, खोक्यात भरायला बाटल्या पकडणारे पंजे हवेवर. कॉम्प्रेसर बंद पडला की कारखाना उभाच्या उभा थांबतो. मॉल्ट संपलं तर निदान दोन दिवस आधी कळतं. हवा गेली की त्याच मिनिटाला.

आणि एवढं सगळं करणारं यंत्र बसवलेलं कुठे असतं? बहुधा मागच्या बाजूला, बॉयलरशेजारच्या शेडमध्ये, जिथे गरम, दमट आणि धुळीची हवा असते. पाहुणे आले की त्यांना तांब्याची चकचकीत भांडी दाखवतात. कॉम्प्रेसरची खोली दाखवायला कोणी नेत नाही.

आता ही हवा 'फुकट' आणि 'स्वच्छ' असते या दोन्ही समजुती जरा तपासू.

आधी स्वच्छतेचं. आपल्याकडच्या पावसाळ्यातलं उदाहरण घ्या. तापमान ३० अंश, हवेत आर्द्रता ८० टक्के. अशा एका घनमीटर हवेत जवळजवळ २४ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. मिनिटाला १० घनमीटर हवा ओढणारा मध्यम आकाराचा कॉम्प्रेसर ती हवा ७ बारपर्यंत दाबतो आणि मग ती थंड होते, तेव्हा तासाला सुमारे १० लिटर पाणी बाहेर पडतं. तासाला! एका पाळीत ८० लिटर. हे पाणी वेळच्या वेळी काढलं नाही, ड्रायर नीट चालला नाही, तर ते पाईपांत साचतं. ओला, अंधारा, कोमट पाईप म्हणजे जंतूंना माहेरघर. त्यात तेलावर चालणारा कॉम्प्रेसर असेल तर तेलाचा सूक्ष्म अंशही हवेबरोबर येतो. बीअरचा फेस तेलाला फार घाबरतो. ओठाला तूप लागलेलं असताना ग्लास तोंडाला लावला तरी फेस बसतो, मग आतूनच तेल आलं तर काय होईल! शिवाय थंड खोलीतून जाणारे पाईप वेगळेच. साधा रेफ्रिजरेशनवाला ड्रायर हवेचा दवबिंदू ३ अंशांच्या आसपास आणतो. पण बीअर मुरवायच्या खोल्या शून्याच्या आसपास ठेवतात. तिथे त्या पाईपांत पुन्हा पाणी धरणारच. अशा जागी उणे ४० अंश दवबिंदू देणारा शोषक ड्रायर लागतो.

यासाठी नियम नाहीत असंही नाही. आयएसओ ८५७३-१ हे आंतरराष्ट्रीय मानक दाबाच्या हवेला तीन गोष्टींवर मार्क देतं. धूळ, पाणी आणि तेल. तेलाच्या बाबतीत पहिल्या वर्गाची मर्यादा एका घनमीटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे आणि त्याहून कडक हवं असेल तर 'शून्य' वर्ग. पण जंतूंसाठी त्या मानकात वर्ग नाहीत. म्हणजे वर्टमध्ये जाणाऱ्या हवेला शेवटच्या टप्प्यावर ०.२ मायक्रॉनचा निर्जंतुक फिल्टर हवाच, तो ठरावीक काळाने वाफेने निर्जंतुक व्हायला हवा, बदलायला हवा, आणि वर्ट उलटा हवेच्या पाईपात शिरू नये म्हणून मध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवा. सांगायला चार ओळी. पण खरेदीच्या बैठकीत काय होतं? हॉप्स कुठल्या देशातून आणायचे यावर दोन तास चर्चा, आणि फिल्टरच्या काडतुसाची वेळ आली की "या वर्षी चालवून घ्या". हॉप्सचं नाव लेबलवर छापता येतं, फिल्टरचं नाही. सगळं दुखणं तिथे आहे.

यावर दोन आक्षेप हमखास येतात. पहिला असा, की हवा सोडा आणि सरळ सिलिंडरमधला शुद्ध ऑक्सिजन वापरा. छोट्या ब्रुअरीत बरेच जण तसं करतात. २००९ साली पुण्यात डूलाली सुरू झाली आणि त्यानंतर महाराष्ट्रात मायक्रोब्रुअरीचं वारं आलं. अशा छोट्या घाण्याला सिलिंडर सोयीचा, मला मान्य आहे. पण ऑक्सिजन जास्त झाला तर तोही बाधतो आणि व्हॉल्व्ह, केगची धुलाई, भरण्याची यंत्रं यांना हवा लागतेच. म्हणजे कॉम्प्रेसर काही सुटत नाही. फक्त तो 'बीअरला न शिवणारा' ठरतो आणि मग त्याच्याकडे आणखीच कमी लक्ष जातं. केगमधून पाणी ढकलणारी हवा केगला आतून शिवतेच की!

दुसरा आक्षेप जरा मजेदार आहे. हवा इतकी वाईट असेल तर मग स्कॉटलंडचं काय? तिकडे पबमध्ये तळघरातल्या पिंपावर हवेचा दाब देऊन बीअर वर आणायची जुनी पद्धत होती. काउंटरवर उंच पितळी खांब असायचे, त्यांना टॉल फाउंट म्हणतात. सुरुवातीच्या काळात तर नळाच्या पाण्याच्या जोरावर हवा दाबणारी यंत्रं होती, पुढे विजेचे कॉम्प्रेसर आले. १९७१ साली 'कॅमरा' ही ग्राहकांची संघटना निघाली, तिने पिंपात बाहेरून कार्बन डायऑक्साइडचा दाब द्यायला कडाडून विरोध केला. पण स्कॉटलंडच्या हवेच्या दाबाला मात्र परंपरा म्हणून मान्यता दिली. एडिंबरातला बो बार हा पब या खांबांसाठी नावाजलेला आहे. मग तिथली बीअर बिघडत कशी नव्हती? उत्तर असं की, उघडलेलं पिंप दोनतीन दिवसांत संपवायचं हे तिथे ठरलेलं. पंधरा दिवस पडून राहिलं असतं तर आंबट पाणीच झालं असतं. म्हणजे स्कॉट लोकांनी हवेला फुकटची पाहुणी समजून घरात घेतलं नव्हतं. ती आली की घड्याळ सुरू झालं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. माझा मुद्दा यापेक्षा वेगळा काय आहे?

आता 'फुकट'चं बघू. आपण म्हणतो, हवा खायला पैसे पडत नाहीत. खायला नसतील पडत, दाबायला पडतात! कॉम्प्रेसरला दिलेल्या विजेपैकी बहुतेक सगळी उष्णता होऊन जाते. शेवटी यंत्राच्या टोकाला उपयोगी काम मिळतं ते दहा-पंधरा टक्क्यांच्या आसपास. म्हणून जाणकार दाबाच्या हवेला कारखान्यातली सगळ्यात महाग ऊर्जा म्हणतात. आणि तीच सगळ्यात बिनदिक्कत गळू दिली जाते. पाईपला फक्त ३ मिलिमीटरचं भोक असलं तर ७ बार दाबाला त्यातून मिनिटाला अर्ध्या घनमीटरहून जास्त हवा जाते. ती भरून काढायला साडेतीन किलोवॅटच्या आसपास वीज लागते. वर्षभर चोवीस तास धरा, ३० हजार युनिट होतात. युनिटला ८ रुपये धरले तर जवळजवळ अडीच लाख रुपये. एका भोकाचे! पाणी गळलं तर जमीन ओली होते, तेल गळलं तर कोणी घसरून पडतं, वाफ गळली तर चटका बसतो. हवा गळली तर नुसतं 'स्स्स' होतं, आणि ते यंत्रांच्या आवाजात कुणाला ऐकूही येत नाही. देखभाल नीट नसलेल्या कारखान्यांत तयार हवेपैकी २० ते ३० टक्के अशीच वाया जाते.

इथे मला २०१६ सालची आठवण होते. मराठवाड्यात भीषण दुष्काळ होता, लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं. त्या वर्षी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य आणि बीअर कारखान्यांच्या पाण्यात मोठी कपात करायला लावली. औरंगाबाद, म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर, हे बीअर कारखान्यांचं मोठं ठिकाण, त्यामुळे ते प्रकरण फार गाजलं. एक लिटर बीअरला किती लिटर पाणी लागतं हा प्रश्न पहिल्यांदाच चहाच्या टपरीवर चर्चेला आला. चांगलंच झालं. जे टंचाईत येतं त्याचा हिशेब मागितला जातो. हवेची टंचाई कधी होत नाही, म्हणून तिचा हिशेब कोणी मागत नाही. पण हवेतून वाहून गेलेली वीज कुठेतरी कोळसा जाळून आलेली असते आणि औष्णिक वीज केंद्रालाही पाणी लागतंच. टंचाई आहेच, ती फक्त दुसऱ्याच्या गावात आहे.

आणि एक गोष्ट पैशांहून मोठी आहे. आंबवण्याची टाकी रिकामी झाली की तिच्यात कार्बन डायऑक्साइड भरून राहतो. तो हवेपेक्षा जड, वास नाही, रंग नाही. तशीच कॉस्टिक सोड्याने धुवायला घेतली तर सोडा तो वायू शोषून घेतो, आत निर्वात होतो आणि स्टीलची टाकी रिकाम्या डब्यासारखी आत चेपते. असा माणूस आत उतरला तर काही श्वासांतच बेशुद्ध पडतो. म्हणून आधी टाकीत भरपूर ताजी हवा घालून तो वायू हाकलावा लागतो. माणूस उतरण्यापूर्वी ऑक्सिजन मोजावा लागतो, बाहेर दुसरा माणूस उभा ठेवावा लागतो. म्हणजे ज्या हवेला आपण बीअरपासून इतकं दूर ठेवतो, तीच इथे जीव वाचवते. आणि तीच हवा कामगार पाळी संपल्यावर अंगावरची धूळ उडवायला वापरतात, तेव्हा जीव घेऊही शकते. दाबाची हवा जखमेतून रक्तात गेली तर काय होतं हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. थट्टेथट्टेत मित्राच्या शरीरात नळी लावून हवा सोडल्याने माणसं दगावल्याच्या बातम्या आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत अनेकदा आल्या आहेत. त्या थट्टेच्या मुळाशीही तीच समजूत. हवाच तर आहे, हवेने काय होतंय!

मग करायचं काय? माझी मागणी फार मोठी नाही. लेबलवर 'हवा' छापा असं मी म्हणत नाही, हसतील लोक. पण कारखान्याच्या आतल्या यादीत तरी ती येऊ द्या. मॉल्टचं पोतं आलं की त्याचा नमुना तपासतात, पाण्याची रोज चाचणी होते, यीस्टच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. तसंच एक पान हवेचं असावं. दवबिंदू किती, तेल किती, फिल्टर कधी बदलला, गळती शेवटची कधी मोजली, कोणी मोजली. आणि त्या पानाखाली एका माणसाची सही असावी. आज ब्रुमास्टर म्हणतो हवा मेंटेनन्सवाल्यांची, मेंटेनन्सवाले म्हणतात आमचं काम दाब देण्याचं, आत काय जातं ते उत्पादनवाल्यांनी बघावं. दोघांच्या मधून हवा निघून जाते. सही आली की ती कोणाची तरी होते.

हे बीअरपुरतंच नाही. दुधाच्या पिशव्या, चिवड्याची पाकिटं, औषधाच्या गोळ्या, सगळीकडे हीच हवा आहे आणि बहुतेक ठिकाणी ती अशीच बेवारस आहे. बीअरचं उदाहरण घेतलं कारण ती खोटं बोलत नाही. हवा चुकली की चवीतून, वासातून, फेसातून लगेच सांगते. पाकिटातला चिवडा इतका स्पष्टवक्ता नसतो.

१५१६ च्या त्या मंडळींना यीस्ट दिसत नव्हतं, त्यांना दोष कसा द्यायचा? त्यांच्याकडे सूक्ष्मदर्शक नव्हता. आपल्याकडे दवबिंदू मोजायचं यंत्र आहे, तेल मोजायचं आहे, गळतीचा आवाज पकडणारंही आहे. तरीही यादीत हवा नसेल, तर आता न दिसण्याचं कारण पुढे करता येणार नाही.